दुसरा आकडा

वडूजच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला मी रुजू झाले, त्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या स्कूटरच्या सीटवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहून ठेवलेलं दिसलं: ३८१६५४७२९. मी सांगलीची, नव्या गावात एकटी राहणारी. मला वाटलं, कुणीतरी फोन नंबर देतोय, आणि त्या मूर्खाला स्वतःचा नंबरसुद्धा धड लिहिता येत नाही, एक अंक खाल्लाय. तणतणत घरमालकीणबाईंकडे, म्हणजे काकींकडे, गेले. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आकडा तीननं सुरू हुतोय का?"

मी हो म्हटलं.

"मग आमच्या ह्येंचं काम त्ये. धूळ दिसली की त्येंचं बोट गप बसत न्हाई."

आमच्या घरमालकांची आणि माझी ही पहिली ओळख. गाव त्यांना तोंडावर आबा म्हणायचं आणि पाठीमागे 'अडतीस कोटी'. टपरीवर कुणी "अडतीस कोटी आले बघा" म्हणालं की परगावचा माणूस अदबीने उठून उभा राहायचा, आणि मग कोपरावर विरलेली लष्करी जर्सी घातलेला, सत्तरीला आलेला एक उंच माणूस समोरून रमतगमत येताना बघून त्याला पुन्हा बसावं की नाही ते कळायचं नाही. एकदा खंडाळ्याकडचा कुणी जमिनीचा दलाल या नावावर भुलून अख्खी दुपार ओसरीवर बसला. आबांनी त्याला दोनदा चहा पाजला आणि आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितला. जाताना तो माणूस पायातल्या चपला विसरला.

आबा कागदावर कधी लिहीत नसत. धूळ, राख, पहाटे गाडीच्या काचेवर धरलेलं दव, काकींच्या परातीतलं पीठ, एवढ्यावर त्यांचं भागायचं. "कागदाव लिवलं की आकडा बसतोय बघा," ते म्हणायचे. "मातीत लिवला की फिरतोय." काकी परातीतल्या आकड्यावर पाणी ओतायच्या आणि पीठ मळायला घ्यायच्या. आमच्या घरी गेली चाळीस वर्षं आकडाच खातात, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे मला कधी नीट ठरवता आलं नाही.

आबांचं घराणं मेंढरंवाल्यांचं. त्यांच्या वडिलांपर्यंत सगळे दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे. आबा फौजेत गेले, परत येऊन थोडी बाजरी आणि कांदा करू लागले, पण नजर कळपावरची राहिली. समोर माळ, माळाच्या टोकाला डोंगर आणि डोंगरावर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या. तिकडे बघत ते अर्ध्या वाक्यात थांबायचे आणि दुसरं अर्धं वाक्य चहा गार झाल्यावर यायचं. मी एकदा म्हटलं, तुमच्याकडे मेंढरं मोजायची सवय, म्हणून तुम्हाला आकड्यांचा नाद. ते हसले. "बाई, आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत, वळखत्यात. मोजायला ह्येडी लागतोय. ह्यो आकडा बी म्या मोजला न्हाई. वळखला." ह्येडी म्हणजे जनावरांचा व्यापारी, हे मला काकींनी नंतर सांगितलं.

मी स्वतः दहावीपर्यंत गणितात काठावर पास होत आलेली. त्यामुळे त्या आकड्यात एवढं काय आहे हे कळायला मला गावची जत्रा यावी लागली.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भावकी मिळून बकरी पाडते आणि मटणाचे वाटे घालते. ताडपत्रीवर पानं मांडतात, प्रत्येक पानावर एक ढीग, जितकी घरं तितके ढीग. ढीग सारखे झाले की एक जण ताडपत्रीकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा कुठल्याही एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा माणूस मनात येईल त्या घराचं नाव घेतो. कुणाला नळी आली, कुणाला नाही, यावर मग भांडण करता येत नाही. ढीग घालायचं काम आबांचं. ते एका ढिगातून फोड उचलायचे, दुसऱ्यात ठेवायचे, मागे सरायचे, डोळे बारीक करायचे. तेवढ्यात त्यांना आकडा आठवायचा.

"बाई, हिकडं या. आता बघा. पयला मानूस आला. माल किती? तीन. घिऊन गेला. दुसरा आला, माल झाला अडतीस. दोगांत एकोनीस-एकोनीस. तिसरा आला, माल झाला तीनशे एक्क्याऐंशी. येकेकाला एकशे सत्तावीस. उरलं काय?"

"काही नाही."

"चौथा आला. तीन हजार आठशे सोळा. नऊशे चोपन्न परत्येकी. पाचवा आला..."

"आवं आबा, मटान वाळाय लागलं की!" कुणीतरी ओरडलं.

"वाळू दे रं. बाई शिकल्याली हाय, हिला कळतंय." मला काही कळत नव्हतं, पण मी मान हलवली. मग कळायला लागलं. एकेक अंक पुढे जोडत जायचं आणि एकेक माणूस वाढवत जायचं. सहा जण आले तरी वाटे सारखे, सात आले तरी सारखे, आठ आले तरी. नऊ जण जमले तेव्हा माल अडतीस कोटींच्या वर गेला होता आणि तरीही ताडपत्रीवर एक फोड उरली नव्हती. वर एक ते नऊ सगळे अंक त्यात एकेकदाच आलेले. "समद्यास्नी आवतान हाय," आबा म्हणाले. "कुणाला दोनदा न्हाई, कुणाला वगळल्यालं न्हाई. आन जो मागनं येतोय त्याला बी पुरतंय." त्यांचे डोळे ओले झाले होते. बाकीची भावकी भांडी घेऊन उभी होती. मला त्या क्षणी तो म्हातारा फार आवडला, हे सांगायला हवं.

आकडा त्यांना बर्फात मिळाला होता. वरच्या कुठल्याशा चौकीत हिवाळाभर अडकून पडले असताना तमिळनाडूकडचा एक जोडीदार होता, त्याला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा वयाने एखाद-दोन वर्षांनी मोठा, बारीक आवाजाचा, आणि आकड्यांचा वेडा. खिडकीच्या काचेवर जमलेल्या बर्फात त्याने बोटाने नऊ अंक लिहिले आणि मोडक्या हिंदीत समजावून दिले. बाहेर पांढरं, आत पांढरं, रेडिओ बंद. "त्या दिसात आमाला दुसरं कायबी दिसत न्हवतं," आबा सांगायचे. "डोळं मिटलं तरी आकडा, उघडलं तरी आकडा. लय सुकाचं दीस हुतं ते." थंडीने पायाची बोटं गेली असती ते दिवस सुखाचे कसे, असं मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून ते खरं दिसत होतं.

अण्णाच एकदा म्हणाला होता, असा आणखी एक असेल का रे? बदली होऊन दोघं पांगले, तेव्हा रेल्वे फलाटावर त्यांचं ठरलं. दुसरा आकडा ज्याला आधी सापडेल त्याने दुसऱ्याच्या गावी सांगायला जायचं. पत्ते एकमेकांना तोंडपाठ. गाडी सुटली.

त्यानंतर त्यांची गाठ नाही. पत्र नाही, फोन नाही. मी हे ऐकून हैराण झाले. पलटणीतल्या जुन्या लोकांचे मोबाइलवर गट असतात, आबांचा पुतण्या तो गट रोज बघतो, एका दुपारी अण्णाचा नंबर मिळाला असता. मी म्हटलंसुद्धा तसं.

"फोन करून काय सांगू? सापडला न्हाई म्हनून?"

"कसे आहात म्हणून विचारा."

"त्ये ठरलं न्हवतं," आबा म्हणाले. एवढ्या शांतपणे म्हणाले की मीच चुकीचं काही बोलले असं मला वाटलं.

आबा शोधत मात्र राहिले. कांद्याला पाणी धरताना, बाजरी राखताना. पाच पाचव्या जागीच हवा, सम अंक सम जागीच हवेत, असे एकेक बंध त्यांनी स्वतःचे स्वतः शोधून काढले. त्यातून तग धरून राहिले दहा आकडे, आणि त्यातला एक तर त्यांचाच जुना. उरलेले नऊ सातपाशी येऊन अडायचे. दोन, तीन, चार यांना भाग जातो की नाही ते बघूनच कळतं. सातला तसा सोपा नियम नाही, पुरतं भागून बघावं लागतं. आबांनी एकेक भागून बघितला. एक पडला, दुसरा पडला. आठ पडले.

शेवटचा त्यांनी भागलाच नाही. तो होता ९८७६५४३२१.

तो लिहिताना त्यांचं बोट हळू व्हायचं. नवापासून एकापर्यंत पायऱ्या उतरत जाणारा. "बघा तरी कसा हाय. आसा आकडा खोटा निगंल का?" सहापर्यंत तो बिनचूक वाटला जातो, हे ते मला करून दाखवायचे. मग सातव्या जागेवर हात ठेवून ती झाकायचे आणि आठवर उडी मारायचे. "आठ जनांत वाटला की काय येतंय? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ."

"आठ कुठे गेला?"

"वाटाय बसलाय न्हवं त्यो!"

हे सांगताना ते दरवेळी लहान मुलासारखे खूश व्हायचे. नऊही जमायचं. मधला सात तेवढा राहिलेला, आणि तो त्यांनी किती वर्षं तसाच ठेवला होता कुणास ठाऊक. मी फोन काढला की माझ्या मनगटावर हात ठेवायचे. "नगा बाई. जवर भागला न्हाई तवर त्यो हाय."

काकींना हे मान्य नव्हतं. "आवं, त्यो अण्णा बी म्हातारा झाला आसंल," त्या आतून म्हणायच्या. "तुमचा सात हुस्तवर त्यो काय ऱ्हातोय व्हय?" आबा पवनचक्क्यांकडे बघायचे. काकींचा आवाज चढायचा. "जायचं आसलं तर जावा की सरळ. न्हाई म्हनतंय कोन?" मला दोघांचंही पटायचं. काकींचं जरा जास्त.

स्टाफरूममध्ये मी एकदा हा सगळा किस्सा सांगितला. आमच्या गणिताच्या सरांनी डबा खाता खाता ते दहाही आकडे फळ्यावर काढले. तास भरायच्या आत सगळं झालं. शेवटचा राहू द्या, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी तो भागूनही टाकला. अठ्ठ्याण्णव लाख शहात्तर हजार पाचशे त्रेचाळीस भागिले सात. "बाकी पाच," सर म्हणाले आणि हात झटकले. हुशार माणूस, वाईट काही नाही मनात. पण मी माझा डबा अर्धाच ठेवून बंद केला.

त्या संध्याकाळी घरी जायला नको वाटत होतं. आबा ओसरीवर बसले होते. मी स्कूटर लावली, हसायचा प्रयत्न केला, भाजीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले.

"केलासा न्हवं तुमी?"

"मी नाही. सरांनी."

"सांगू नगासा," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "सांगाय कशाला पायजे. बाकी हाय तुमच्या तोंडाव."

मला रडू यायला लागलं. मी खोलीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले तेव्हा ते अंगणात उकिडवे बसून चुलीतली राख सपाट करत होते. मी उभी राहिले. त्यांनी सात अंक लिहिले, शेजारी सात लिहिला, आणि शाळेतल्या पोरासारखं पुटपुटत, एकेक खाली उतरवत भागायला लागले. सकाळचं ऊन तिरपं येत होतं, कोंबड्या राखेपाशी येऊन परत जात होत्या, आणि काकी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. शेवटी पाच उरले. आबांनी पाचवर बोट टेकवलं.

"पाच," ते म्हणाले. "भरल्या पंगतीत पाच उरलं, तर लय उरलं."

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. त्या दिवशी शाळेत माझं लक्ष नव्हतं. धडा कुठला शिकवत होते तेही आठवत नाही. संध्याकाळी परत आले तर ओसरीवर ट्रंक उघडी, काकी शेंगदाण्याची चटणी कागदात बांधतायत आणि आबा एक नवं घोंगडं घडी करतायत.

"कुठे निघालात?"

"अण्णाकडं."

"पण दुसरा तर..."

"न्हाई, ह्ये बी सांगाय पायजेच की," आबा म्हणाले. "त्यो बिचारा हुडकत बसला आसंल आजून."

दिवाळीची सुट्टी लागलीच होती. मला सांगलीला जायचं होतं, म्हणून मिरजेपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. एसटीत खिडकीशी बसून ते बाहेर बघत होते. विट्यापासून द्राक्षांच्या बागा लागल्या, पुढे ऊस लागला, आणि ते एकदम म्हणाले, "बाई, त्यो नसला तर?" एवढ्या महिन्यांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, घरचे असतीलच, घोंगडं त्यांना द्या. हे बोलून मला माझाच राग आला. त्यांनी मात्र मान हलवली. मिरजेच्या फलाटावर बंगळूरची गाडी लागलेली होती, तिथून पुढे दुसरी गाडी. चढताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मला वाटतं, बघितलं असतं तर ते उतरले असते.

सुट्टी संपून मी वडूजला परतले तरी ते आलेले नव्हते. काकींना पुतण्याच्या फोनवर एकदाच निरोप आला होता, पोचलो म्हणून. बाकी काही नाही. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका दुपारी मी घरी आले तर ओसरीवर जर्सी दिसली. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"भेटले?"

आबांनी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. मी चहा गार होऊ दिला. मग ते पुढे बोलले.

गावात उतरून विचारत विचारत गेले. पत्ता तोच, घर तेच. अंगणात एक लुंगीवाला म्हातारा खुर्चीत बसला होता. आबा फाटकाशी उभे राहिले. म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं. नाव विचारलं नाही, कसा आहेस विचारलं नाही.

"दूसरा मिला?"

"नहीं मिला," आबा म्हणाले.

"मालूम है. अंदर आओ."

अण्णाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फलाटावरून गाडी सुटल्यावर बसल्याबसल्या त्याने सगळे आकडे काढले, भागले, आणि पुढचं मोठं स्टेशन यायच्या आत त्याला कळलं की दुसरा नाही. हे ऐकून आबा त्याच्यावर ओरडले. मग आला का नाहीस? सांगितलं का नाहीस? अण्णा म्हणाला, सापडला तर यायचं असं ठरलं होतं, सापडला नाही तर कुठल्या तोंडाने येऊ? त्याला वाटलं, आबांना महिन्याभरात कळेल आणि ते तरी येतील. महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली. मुलाने शहरात मोठं घर घेतलं, बापाला घेऊन जायला कितीदा आला. अण्णा हलला नाही. आबांना दिलेला पत्ता या घराचा होता.

"दोगं बी येडी," काकी आतून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी पदराने डोळे पुसले आणि हसले, दोन्ही एकदमच झालं.

"मग इतके दिवस काय केलंत?"

"काय न्हाई. बसलो. त्याला आता नीट ऐकू येत न्हाई, मला तमिळ येत न्हाई." आबा डोंगराकडे बघत राहिले. पवनचक्क्या फिरत होत्या. "पुढल्या साली त्यो येतोय हितं."

"नवा आकडा सापडला की काय त्यांना?"

"न्हाई."

"मग कशासाठी येतायत?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढा सोपा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"उगंच," ते म्हणाले.